खाईम पेकेरिस : समुद्रातील आवाजाचे गणित

दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यालगत एक चमत्कारिक प्रयोग चालू होता. उथळ समुद्रात एका ठिकाणी स्फोटके उडवायची आणि कित्येक किलोमीटर दूर, पाण्यात सोडलेल्या हायड्रोफोनवर त्यांचा आवाज नोंदवायचा. मॉरिस युइंग आणि त्यांचे सहकारी लामार वर्झेल हे दोघे भूभौतिकशास्त्रज्ञ या प्रयोगांचे कर्तेधर्ते होते. स्फोट क्षणभराचा असे. नोंदपत्रावर उमटणारी रेषा मात्र सेकंदांमागून सेकंद चालत राही. प्रथम एक खोल, क्षीण थरथर येई आणि हळूहळू वाढत जाई. काही वेळाने तिच्यावर एक तीव्र, उंच स्वराचा आवाज स्वार होई. मग दोन्हींचे स्वर एकमेकांच्या जवळ येत, एक होत आणि एकाएकी सारे शांत होई.

एकच धमाका असा वितळून लांबलचक आलापासारखा का होतो, याचे पूर्ण उत्तर ज्यांनी कागदावर मांडले त्यांचे नाव खाईम पेकेरिस. समुद्रातील कमी वारंवारतेच्या ध्वनीचा प्रवास आज संगणकाच्या साहाय्याने वर्तवला जातो. त्या शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत 'पेकेरिस तरंगमार्ग' हा पहिल्या काही धड्यांपैकी एक असतो. पुढे याच गृहस्थांनी एका नवजात, ओढगस्तीतल्या देशाला संगणक बांधायला लावला. वरवर पाहता या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण पहिलीतूनच दुसरीची गरज निर्माण झाली.

आलिटुस ते केंब्रिज

पेकेरिस यांचा जन्म १५ जून १९०८ रोजी लिथुआनियातील आलिटुस या गावी झाला. लिथुआनिया तेव्हा रशियन साम्राज्यात होता. वडिलांची बेकरी होती. घर ज्यू परंपरेतले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, किशोरवयातच, त्यांनी अमेरिकेची वाट धरली. मागे राहिलेल्या आलिटुसचे पुढे काय झाले हे इतिहासात नोंदलेले आहे. १९४१ साली नाझी सैन्याने लिथुआनिया घेतल्यानंतर काही महिन्यांत तेथील ज्यू समाज संपवण्यात आला. ज्या गावातून पेकेरिस निघाले, त्या गावी परतण्यासारखे काही उरले नाही.

मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील एमआयटीत त्यांनी हवामानशास्त्राचा अभ्यास केला. १९२९ साली पदवी आणि १९३३ साली डॉक्टरेट मिळवली. तेथे त्यांचे गुरू होते कार्ल-गुस्ताफ रॉस्बी. वातावरणातील ज्या विशाल लाटांवर आजचे हवामान अंदाज उभे आहेत, त्या लाटांना ज्यांचे नाव दिले गेले तेच हे रॉस्बी. हवा असो, पाणी असो की पृथ्वीचा गाभा, द्रव्याची हालचाल समीकरणांत पकडता येते ही दृष्टी पेकेरिस यांना या शाळेत मिळाली.

पुढच्या काही वर्षांत त्यांनी हाताळलेल्या विषयांचा पल्ला थक्क करणारा आहे. १९३५ साली त्यांनी पृथ्वीच्या पोटातील उष्णतेमुळे तेथील घन खडक अतिसंथपणे प्रवाही होऊ शकतो का, याचे गणित मांडले. भूखंड सरकतात असे सांगणारे वेगेनर नुकतेच निवर्तले होते आणि त्यांची कल्पना बहुतेकांनी बाजूला सारली होती. भूखंड हलवणारे बळ कोठून येईल, या प्रश्नाच्या उत्तरातला एक महत्त्वाचा धागा या गणितात होता.

१९३७ साली ते वातावरणाच्या कंपनांकडे वळले. मुंबईसारख्या उष्ण कटिबंधातील शहरात हवेचा दाब दररोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी व रात्री दहाच्या सुमारास सर्वाधिक. सूर्य तर दिवसातून एकदाच माथ्यावर येतो. मग ही लाट दोनदा का? वातावरणाचा स्वतःचा नैसर्गिक दोलनकाळ बारा तासांच्या जवळपास असेल, आणि म्हणून ते त्या तालाला साथ देत असेल, असा तर्क लॉर्ड केल्व्हिन यांनी मांडला होता. पण १८८३ साली क्राकाटोआ ज्वालामुखीच्या स्फोटातून उठलेली दाबाची लाट ज्या वेगाने पृथ्वीभोवती फिरली, त्यावरून हिशेब केला तर दोलनकाळ साडेदहा तासांच्या आसपास येत होता. पेकेरिस यांनी दाखवले की वातावरण उंचीनुसार योग्य प्रकारे तापलेले असेल तर त्यात एकाच वेळी दोन कंपनप्रकार नांदू शकतात, एक वेगवान आणि एक संथ. १९३९ साली त्यांनी क्राकाटोआच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासून त्यांत त्या दुसऱ्या, संथ लाटेची पुसट खूण दाखवली. युद्धानंतर अग्निबाणांनी वरच्या हवेचे तापमान मोजले, तेव्हा ते पेकेरिस यांनी गृहीत धरल्यासारखे निघाले नाही. केल्व्हिन यांचा अनुनादाचा सिद्धान्त मागे पडला आणि त्याबरोबर ती दुसरी लाटही विस्मृतीत गेली.

एका जागी बसलेला धक्का थराथरांच्या माध्यमातून दूर जाताना कसे रूप बदलतो, हा प्रश्न मात्र पेकेरिस यांच्या मनात पक्का बसला होता. युद्धाने तोच प्रश्न हवेतून उचलून समुद्रात नेऊन ठेवला.

उथळ पाण्यातील ध्वनी

१९४० साली जर्मनीने ब्रिटनच्या किनाऱ्यालगत ध्वनिसंवेदी सुरुंग पेरायला सुरुवात केली. जहाजाला स्पर्श होण्याची त्यांना गरज नसे. यंत्रांचा व पंख्याचा घुमणारा आवाज ऐकूनच ते फुटत. असा सुरुंग लांबून फोडून निकामी करायचा, तर आवाज किती दूर, किती जोराने आणि कोणत्या स्वरात पोहोचेल हे आधी कळले पाहिजे. पाणबुडीचा माग काढतानाही प्रश्न तोच. १९४१ पासून पेकेरिस कोलंबिया विद्यापीठाच्या युद्धविषयक संशोधनात होते आणि हे गणित त्यांच्याकडे आले.

पाण्यात प्रकाश फार दूर जात नाही. रेडिओ लहरी तर जवळजवळ लगेच विरतात. ध्वनी मात्र जातो, आणि त्याचा स्वर जितका खालचा तितका तो कमी शोषला जाऊन अधिक दूर जातो. म्हणून लांब पल्ल्याचा प्रश्न नेहमी कमी वारंवारतेचाच असतो. येथेच प्रकाशकिरणांप्रमाणे ध्वनीच्या रेषा काढण्याची सोपी पद्धत अपुरी पडते. ५० हर्ट्झच्या ध्वनीची पाण्यातील तरंगलांबी सुमारे ३० मीटर भरते. समुद्रच ७०-८० मीटर खोल असेल तर त्यात अशा जेमतेम अडीच लाटा उभ्या मावतील. तेथे किरणाची भाषा बोलण्यात अर्थ उरत नाही. तेथे विचार करावा लागतो तो बंद नळीत घुमणाऱ्या हवेचा किंवा ताणलेल्या तारेचा.

पेकेरिस यांनी समुद्राचे एक अतिशय साधे चित्र रेखाटले. वर एकसारख्या खोलीचा, एकसारख्या वेगाचा पाण्याचा थर. खाली अमर्याद खोल असा तळ, ज्यात ध्वनी पाण्यापेक्षा वेगाने जातो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. वाळूच्या तळात तो १७०० मीटर धरता येईल. या आकड्यांनी हिशेब केला, तर आडव्या रेषेशी २८ अंशांहून कमी कोन करून तळावर आदळणारा ध्वनी पूर्णपणे परावर्तित होतो. त्याहून उभा येणारा तळात झिरपून जातो. वर पाण्याचा पृष्ठभागही आवाज परत फेकतो. अशा रीतीने ध्वनी दोन भिंतींमध्ये कोंडला जातो आणि बोळातून जावा तसा दूरवर जातो.

पण त्या बोळात वाटेल तसे चालता येत नाही. तारेला जसे तिचे ठरावीक स्वर असतात, तसे या पाण्याच्या थराला ठरावीक कंपनप्रकार असतात. शास्त्रज्ञ त्यांना 'मोड' म्हणतात. प्रत्येक मोडला एक किमान वारंवारता असते आणि तिच्या खाली तो मोड तगत नाही. मुंबईच्या पश्चिमेला भूखंडमंच फार दूरवर पसरलेला आहे. बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राजवळ पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे. तेवढ्या पाण्याला वरचेच आकडे लावले, तर पहिला मोड साधारण ११ हर्ट्झच्या पुढेच सुरू होतो आणि ५० हर्ट्झला केवळ दोन मोड तग धरतात. पाणी २० मीटरच असेल तर ४० हर्ट्झच्या खालचा आवाज कोंडलाच जात नाही. तो तळाच्या वाळूत निघून जातो. उथळ किनारा खालचे स्वर गिळून टाकतो तो असा.

नोंदपत्रावरील कोड्याचे उत्तरही येथेच होते. प्रत्येक मोडमध्ये वेगवेगळ्या स्वरांचा वेग वेगवेगळा असतो. किमान वारंवारतेच्या जवळचे खालचे स्वर बहुतांशी तळातून, तळाच्या वेगाने धावतात. म्हणून ते आधी पोहोचतात. तीस किलोमीटर अंतरावर, वरच्या आकड्यांनुसार, त्यांची आघाडी सव्वादोन सेकंदांहून अधिक होते. हीच ती आरंभीची खोल थरथर. त्यानंतर पाण्याच्या वेगाने येणारे उंच स्वर पोहोचतात. या दोन्हींच्या मधल्या एका विशिष्ट वारंवारतेला ऊर्जेचा वेग सर्वांत कमी असतो. ती सर्वांत शेवटी येते, आणि तिच्या मागे काहीच उरलेले नसते. म्हणून आवाज वाढत जाऊन एकाएकी थांबतो. क्षणभराच्या धमाक्यातले सारे स्वर समुद्राने असे वेगळे करून, एकामागून एक हायड्रोफोनपाशी आणून सोडलेले असतात.

या गणिताचा दुसरा उपयोग तितकाच मोलाचा होता. ते उलटही वापरता येत असे. स्वर कोणत्या क्रमाने आणि किती अंतराने आले हे नोंदपत्रावरून मोजले, की समुद्रात कोणीही न उतरता तळाचा थर किती जाड आहे आणि त्यात ध्वनी किती वेगाने जातो याचा अंदाज बांधता येई.

१९४८ साली अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेने एकाच ग्रंथात वर्झेल-युइंग यांचे प्रयोग आणि पेकेरिस यांचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. समुद्रात टिपलेले आणि कागदावर काढलेले एकमेकांशी जुळत होते. या शास्त्रशाखेचा पाया म्हणून तो ग्रंथ आजही मानला जातो.

समीकरण सुटले, आकडे उरले

या यशात एक अडचण दडलेली होती. पेकेरिस यांची समीकरणे सुटली होती खरी, पण त्यांतून एक वक्र काढायचा म्हणजे प्रत्येक मोडसाठी, प्रत्येक वारंवारतेला, पुन्हा पुन्हा अंदाज करून उत्तर जवळ आणत नेणे. त्या काळी हे काम मेजावरच्या यांत्रिक गणनयंत्रांवर, माणसांच्या हातांनी चाले. दोन थरांचा समुद्र कसाबसा निभावला. तळात तिसरा थर आला की काम कित्येक पटींनी वाढे. खरा समुद्र तर असा असतो की त्यात दर काही मीटरला तापमान बदलते, तळ उतरत जातो, वाळूखाली चिखल आणि चिखलाखाली खडक लागतो. अशा समुद्राचे समीकरण लिहिता येई, पण त्यातून आकडा काढायला एक आयुष्य पुरले नसते.

युद्धानंतर पेकेरिस कोलंबियात गणितीय भौतिकीच्या गटाचे प्रमुख होते आणि प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेतही त्यांचा वावर होता. तेथेच जॉन फॉन नॉयमन आपला इलेक्ट्रॉनिक संगणक उभारण्याच्या खटपटीत होते. कार्यक्रम आणि आकडे दोन्ही एकाच स्मृतीत साठवणारे ते यंत्र पुढे जगभरातील संगणकांचे मूळ प्रारूप ठरले. ज्या आकडेमोडीने आपली वाट अडवली आहे तिची किल्ली कोठे आहे, हे पेकेरिस यांना तेथे दिसले.

याच सुमारास, १९४६ साली, रसायनशास्त्रज्ञ आणि झायनवादी नेते डॉ. वाइझमन यांच्याकडून बोलावणे आले. रेहोवोत येथे उभ्या राहत असलेल्या विज्ञानसंस्थेत उपयोजित गणिताचा विभाग सुरू करायचा होता. पेकेरिस यांनी अट घातली : विभागाला संगणक हवा. तेव्हा जगात चालू असलेले इलेक्ट्रॉनिक संगणक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि ज्या देशासाठी ही मागणी होती तो देश अजून अस्तित्वातही आला नव्हता.

विभागाच्या सल्लागार समितीत आइन्स्टाइन आणि फॉन नॉयमन दोघेही होते. आइन्स्टाइन यांना ही कल्पना पटली नाही. एवढ्याशा देशाला असल्या यंत्राचे काय काम, हा प्रश्न रास्तच होता. त्यावर फॉन नॉयमन यांनी दिलेले उत्तर आजही सांगितले जाते : दुसऱ्या कोणी ते यंत्र वापरले नाही, तरी एकटे पेकेरिस ते पूर्णवेळ वापरतील, अशा आशयाचे. शेवटी वाइझमन यांनी ५० हजार डॉलर बाजूला काढले. संस्थेच्या एकूण अंदाजपत्रकाचा तो पाचवा हिस्सा होता, असे सांगतात.

रेहोवोतचे यंत्र

इस्रायलची स्थापना झाल्यावर लवकरच पेकेरिस अमेरिकेतील स्थिरस्थावर कारकीर्द सोडून रेहोवोतला आले. देशात युद्ध नुकतेच शमले होते, निर्वासितांचे लोंढे येत होते आणि १९४९ पासून अन्नधान्याचे कडक रेशनिंग लागू झाले होते. अशा दिवसांत संगणकाचा आग्रह धरणे हे अनेकांना चैनीचे वाटले असल्यास नवल नाही. पेकेरिस यांचा विभाग दरम्यान देशाच्या भूभौतिक पाहणीच्या कामाला लागला. संगणकासाठी काही वर्षे थांबावे लागले.

प्रिन्स्टनच्या यंत्रावर काम केलेले अभियंते जेराल्ड एस्ट्रिन आणि त्यांच्या पत्नी थेल्मा एस्ट्रिन, त्याही विद्युत अभियांत्रिकीच्या डॉक्टर, १९५४ साली रेहोवोतला आले. हाताशी संगणकाचा अनुभव असलेला दुसरा माणूस नव्हता. बरेचसे सुटे भाग परदेशातून यायचे होते. स्थानिक तंत्रज्ञांना शिकवत, शिकवता शिकवता बांधत, साधारण दीड वर्षात यंत्र उभे राहिले. १९५५ साली त्यावर पहिली गणिते सुटली. 'वायझॅक' हे त्याचे नाव, आणि इस्रायलचा हा पहिला संगणक.

वायझॅकच्या फिरत्या चुंबकीय ढोलावर आरंभी ४० अंकांचे १०२४ शब्द मावत. पुढे चुंबकीय कड्यांची स्मृती बसवल्यावर ही संख्या ४०९६ झाली. आजच्या हिशेबाने ती स्मृती २० किलोबाइट भरते. मोबाइलवर काढलेल्या एका साध्या छायाचित्राला याच्या शंभराहून अधिक पट जागा लागते. एवढ्या सामग्रीवर हे यंत्र १९६३ पर्यंत चालले.

त्याच दशकात मुंबईत असाच एक खटाटोप चालू होता, हे येथे आठवते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी १९५६ साली प्रायोगिक संगणक आणि १९६० साली पूर्ण आकाराचा संगणक उभा केला. पुढे पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. फॉन नॉयमन यांच्याच विचारपरंपरेतले ते यंत्र. गरीब देशाने असल्या यंत्रावर पैसा घालावा का, हा प्रश्न मुंबईलाही चुकला नव्हता. पेकेरिस यांनी वाद घातला नाही. वायझॅकवर त्यांनी पुढच्या काही वर्षांत जी गणिते सोडवली, तीच त्यांची बाजू मांडणारी ठरली.

हेलियमपासून पृथ्वीपर्यंत

पहिले गणित अणूचे होते. हेलियमच्या अणूत दोन इलेक्ट्रॉन असतात. त्यांची ऊर्जा नेमकी काढणे ही क्वांटम सिद्धान्ताची कसोटी होती, कारण तीन वस्तू एकमेकींना ओढत-ढकलत असताना समीकरण नेटकेपणाने सुटत नाही. १९५८-५९ साली पेकेरिस यांनी १०७८ ओळींच्या निश्चयकापर्यंत मजल मारून ती ऊर्जा अशा अचूकतेने काढली की प्रयोगशाळेतील उत्तमोत्तम मोजमापांशी तिची तुलना करता यावी. रेहोवोतचे नाव जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांच्या तोंडी गेले ते यामुळे.

दुसरे गणित खुद्द पृथ्वीचे होते. उथळ समुद्राला जसे मोड असतात, तसे अख्ख्या पृथ्वीलाही असले पाहिजेत. घंटेवर टोला बसावा तसा मोठा भूकंप झाला, तर ती घुमेल. मात्र तिचा स्वर इतका खालचा असेल की एका कंपनाला मिनिटेच्या मिनिटे लागतील. झिपोरा आल्टरमन आणि हान्स यारोश या सहकाऱ्यांसह पेकेरिस यांनी वायझॅकवर हे कंपनकाळ काढले. पृथ्वीच्या अंतर्भागाची त्या काळी मान्य असलेली प्रतिरूपे त्यांनी यात वापरली. १९५९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने हा निबंध छापला.

२२ मे १९६० रोजी चिलीत भूकंप झाला. उपकरणांनी नोंदलेल्या भूकंपांत तो सर्वांत मोठा आहे. पृथ्वी खरोखरच घुमली, आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या उपकरणांनी ते कित्येक दिवस टिपले. त्या उन्हाळ्यात हेलसिंकी येथे भूभौतिकशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा अमेरिकी निरीक्षकांच्या नोंदी आणि रेहोवोतचे आकडे समोरासमोर आले. सर्वांत संथ कंपनाचा काळ सुमारे ५४ मिनिटे होता, आणि गणिताने तो वर्षभर आधीच सांगितला होता. शिवाय काही स्वर एकेरी न येता किंचित विलग झालेल्या जोड्यांत आले होते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून तिचा एक स्वर असा दुभंगतो, हेही पेकेरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लवकरच मांडले.

तिसरे गणित भरती-ओहोटीचे. अठराव्या शतकात लाप्लास यांनी तिची समीकरणे लिहून ठेवली होती. पण खऱ्या किनाऱ्यांच्या वेड्यावाकड्या रेषा आणि खऱ्या खोल्या घेऊन ती सोडवणे कोणाला जमले नव्हते. पेकेरिस यांनी ठरवले की बंदरांत मोजलेल्या भरतीचा एकही आकडा आधाराला घ्यायचा नाही. किनाऱ्यांचा आकार, समुद्राची खोली आणि चंद्राचे आकर्षण एवढ्यावरच जगभरच्या समुद्रांची भरती काढायची. वायझॅक आणि त्याच्या जागी आलेला 'गोलेम' या संगणकांवर हे काम वर्षानुवर्षे चालले. वाय. अक्काद यांच्यासह १९६९ साली ते प्रसिद्ध झाले. दक्षिण अटलांटिकमध्ये भरती जवळजवळ जाणवूच नये आणि लाट जिच्याभोवती फिरावी अशी एक जागा गणिताने दाखवली. नकाशावर ती कोणी आधी मांडलेली नव्हती.

मानसन्मान यथाकाल आले. १९५२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व, १९७४ साली भूविज्ञानातील वेटलेसेन पारितोषिक, १९८० साली रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक आणि त्याच वर्षी इस्रायल पारितोषिक. १९७३ साली ते संस्थेतून निवृत्त झाले आणि २४ फेब्रुवारी १९९३ रोजी रेहोवोत येथे निवर्तले. २००६ साली विद्युत व इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने वायझॅकला अभियांत्रिकीच्या इतिहासातील मैलाचा दगड म्हणून गौरवले.

आजचा समुद्र

पेकेरिस यांच्या सपाट तळाच्या, एकसारख्या पाण्याच्या समुद्रापलीकडे हे शास्त्र आता फार पुढे गेले आहे. आजच्या संगणक प्रतिरूपांत तापमान, क्षारता, तळाचा उतार, चिखलाचे थर सारे काही घालता येते. फिन व्हेल २० हर्ट्झच्या आसपास जी साद घालतो ती कोठपर्यंत पोहोचेल, मालवाहू जहाजांच्या घरघरीने ती कोठे बुडून जाईल, समुद्रात पवनचक्कीचे खांब ठोकताना होणारा आवाज किती दूर त्रास देईल, हे या प्रतिरूपांवरून वर्तवले जाते. अणुचाचणीबंदी करारासाठी समुद्रात ठेवलेले हायड्रोफोन हजारो किलोमीटरवरचा स्फोट ओळखतात, त्यामागेही हेच गणित आहे. आणि नवा कार्यक्रम लिहिला की त्याचे उत्तर बरोबर येते का, हे पाहण्यासाठी तो प्रथम पेकेरिस यांच्या साध्या समुद्रावर चालवून बघण्याची पद्धत आहे. तेथे उत्तर आधीच ठाऊक असते.

१५ जानेवारी २०२२ रोजी प्रशांत महासागरात टोंगाजवळचा ज्वालामुखी फुटला. क्राकाटोआनंतर प्रथमच एवढी प्रचंड दाबाची लाट पृथ्वीभोवती फिरली, आणि या वेळी तिच्यावर उपग्रहांची नजर होती. जपान आणि हवाई येथील शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या प्रतिमा तपासल्या आणि वातावरणाचे संगणक प्रतिरूप चालवले. सेकंदाला तीनशे मीटरहून अधिक वेगाने गेलेली मुख्य लाट सर्वांनाच दिसली होती. तिच्या मागे सेकंदाला सुमारे २४५ मीटर वेगाने जाणारी एक दुसरी, क्षीण लाट त्यांना आढळली. वातावरणात दोन कंपनप्रकार नांदतात असे सांगणारे १९३७ चे गणित, जे अग्निबाणांच्या मोजमापांनंतर बाजूला पडले होते, त्यातली संथ लाट ती हीच. पंचाऐंशी वर्षांनी ती सापडली आणि शोधनिबंधाच्या शीर्षकातच पेकेरिस यांचे नाव आले.

बारा तासांच्या तालाचे केल्व्हिन यांचे स्पष्टीकरण त्यामुळे खरे ठरले नाही, आणि पेकेरिस यांनी गृहीत धरलेले तापमानही. पण ज्या लाटेची पुसट खूण त्यांनी क्राकाटोआच्या पिवळ्या पडलेल्या नोंदींत शोधली होती, ती लाट खरी होती. तिला दाखवायला उपग्रह लागले, आणि त्यांनी ज्याच्यासाठी हट्ट धरला होता तो संगणकही लागला.